प्रीमेडचा उन्हाळा: इंटर्नशिप निवडायची कशी आणि कोणत्या क्रमानं

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो: "मुलगी प्रीमेड आहे, समर इंटर्नशिप हवी आहे, कुणाची हॉस्पिटलमध्ये ओळख आहे का?" दोन-चार डॉक्टर काका-मावश्या पुढे येतात, मुलगी दोन आठवडे कुणाच्या तरी मागे फिरते आणि ऑगस्ट येतो. स्टायपेंड देणाऱ्या बहुतेक कार्यक्रमांची मुदत तोवर कधीच उलटून गेलेली असते. ओळख काढायला काहीच हरकत नाही, पण ती पाचव्या टप्प्यावर काढायची असते. आपल्याकडे सुरुवातच तिथून होते.

हा लेख प्रीमेड, म्हणजे कॉलेजनंतर मेडिकल स्कूलला जाऊ इच्छिणाऱ्या, कॉलेजच्या पहिल्या ते तिसऱ्या वर्षातल्या मुलांसाठी आहे. मुलं मराठी वाचत नसतील तर आई-बाबांनी वाचून सांगावा. ई-मेल मात्र मुलांनाच लिहू द्यावेत.

टप्पा १ (ऑक्टोबर): आपल्या अर्जात काय कमी आहे ते मोजा

एका कागदावर चार रकाने आखा: रुग्णांशी थेट संबंध, शॅडोइंग (डॉक्टरांच्या मागे राहून नुसतं पाहणं), संशोधन, समाजकार्य. आजवरचे खरे तास त्यात भरा. अंदाजाने फुगवू नका, हा कागद तुम्हीच बघणार आहात.

मेड स्कूलच्या सामायिक अर्जात, म्हणजे एएमसीएएसमध्ये, जास्तीत जास्त १५ उपक्रम लिहिता येतात. प्रत्येकाच्या वर्णनाला ७०० अक्षरांची मर्यादा असते. त्यातले ३ सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे आणि त्यांच्यासाठी आणखी १,३२५ अक्षरं मिळतात. चांगला उन्हाळा या तिघांत जाऊन बसतो. १० आठवडे, आठवड्याला ४० तास धरले तर ४०० तास होतात. कॉलेज सुरू असताना एवढा सलग वेळ दुसरीकडे कुठेही मिळत नाही, म्हणून तो सर्वांत रिकाम्या रकान्यात घाला.

आपल्या मुलांच्या बाबतीत रिकामा रकाना बहुतेक वेळा पहिला असतो. लॅब असते, शॅडोइंग असतं, रोबोटिक्सही असतं. पण आजारी माणसाशी बोलणं, त्याला व्हीलचेअरवरून नेणं, त्याचा रक्तदाब मोजणं हे नसतं. तरीही उन्हाळा आला की पुन्हा लॅबच निवडली जाते, कारण विद्यापीठाचं नाव मोठं असतं आणि नातेवाइकांना सांगायला सोपं जातं.

ऑरगॅनिक केमिस्ट्री किंवा फिजिक्समध्ये मार्क घसरले असतील तर आधी अ‍ॅडव्हायझरशी बोला. अशा वेळी इंटर्नशिप अर्धवेळ ठेवून समर कोर्स घेणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं.

*तपासा:* "या उन्हाळ्यानंतर मी अमुक एका गोष्टीबद्दल अनुभवाने बोलू शकेन" हे वाक्य पूर्ण करता येतंय का? येत नसेल तर यादी करायला बसू नका.

टप्पा २: हा कितवा उन्हाळा आहे ते पाहा

एएमसीएएस साधारण मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीपासून भरलेला अर्ज पाठवता येतो. मध्ये गॅप इयर न घेता जायचं असेल तर तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही अर्ज पाठवून निबंध लिहीत बसलेले असता. त्या उन्हाळ्याचे तास अर्जात "पुढे होणार" म्हणूनच दाखवता येतात, आणि न झालेल्या कामाबद्दल ७०० अक्षरं लिहिणं कठीण जातं. थेट जाणाऱ्यांसाठी निर्णायक उन्हाळा दुसऱ्या वर्षानंतरचा असतो. तिसऱ्या वर्षानंतर काहीतरी मोठं करू, या भरवशावर तो वाया गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

पहिल्या वर्षानंतर नामांकित कार्यक्रम मिळाला नाही तरी बिघडत नाही. त्या सुट्टीत सीएनएचं, म्हणजे नर्सिंग सहायकाचं, प्रशिक्षण पूर्ण करा. केंद्र सरकारच्या नियमानुसार ते किमान ७५ तासांचं असतं, काही राज्यांत त्याहून जास्त. कॅलिफोर्नियात १६० तास लागतात. एकदा प्रमाणपत्र हातात आलं की पुढची तीन वर्षं सुट्टीत आणि शनिवार-रविवारी पगारी काम मिळू शकतं. आपल्याकडे या कामाकडे नाक मुरडलं जातं, "डॉक्टर व्हायचंय, आणि बेडपॅन कसली उचलतेस?" माझ्या मते या यादीत त्याच्याइतकं किमतीचं दुसरं काम नाही.

सावधान: एमकॅट (मेड स्कूलची प्रवेश परीक्षा) आणि पूर्णवेळ इंटर्नशिप एकाच उन्हाळ्यात कोंबू नका. परीक्षा जानेवारीत आणि मग मार्च ते सप्टेंबर होते, निकालाला साधारण महिना लागतो. दिवसभर लॅब आणि रात्री अभ्यास ही योजना जूनमध्ये सुरू होते आणि जुलैत कोलमडते. दोन्हींपैकी एकाला अर्धवेळ करा.

टप्पा ३: पात्रता आधी, आवड नंतर

हा टप्पा गाळल्यामुळे सर्वांत जास्त अर्ज वाया जातात.

*व्हिसा.* एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या समर इंटर्नशिपसाठी अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एनएसएफ या विज्ञान संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या आरईयू (कॉलेजच्या मुलांसाठी उन्हाळी संशोधन) कार्यक्रमांच्या पैशातूनही साधारणपणे नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच स्टायपेंड मिळतं. एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्या मुलांना त्या व्हिसावर काम करता येत नाही. एच-४ चं वर्क परमिट ठरावीक अटींवर जोडीदाराला मिळतं, मुलांना नाही. ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, म्हणजे आय-४८५, दाखल झालेला असेल तर त्या आधारावर मुलांना वर्क परमिट मागता येतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर सीपीटीसाठी (शिकत असताना काम करायच्या परवानगीसाठी) आधी साधारण एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं, कामाचा अभ्यासक्रमाशी संबंध असावा लागतो आणि मंजुरी काम सुरू होण्याआधी हातात लागते.

"पगारच घेणार नाही, मग व्हिसाचा काय संबंध?" हा युक्तिवाद धोक्याचा आहे. ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते फुकट केलं तरी ते काम धरलं जाऊ शकतं. ना-नफा हॉस्पिटलच्या नेहमीच्या व्हॉलंटियर विभागातून केलेली सेवा वेगळी आणि कुणाच्या खासगी क्लिनिकमध्ये रिसेप्शन सांभाळणं वेगळं. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला किंवा वकिलाला लेखी विचारा. मंडळातल्या कुणाच्या तरी अनुभवावर जाऊ नका.

*तारखा.* यूसीएलए, यूसी सॅन डिएगो, यूसी डेव्हिस अशा क्वार्टर पद्धतीच्या विद्यापीठांत वर्ष जूनच्या मध्यापर्यंत चालतं. अनेक कार्यक्रम मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात. उशिरा रुजू होता येईल का, हे अर्ज करण्याआधी विचारा.

*उद्देश.* प्रत्येक नामांकित कार्यक्रम प्रीमेडसाठी नसतो. अ‍ॅमजेन स्कॉलर्स या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाला पीएचडी किंवा एमडी-पीएचडी करू इच्छिणारी मुलं हवी असतात. एनएसएफ रोगांच्या उपचारांवरच्या संशोधनाला सहसा पैसे देत नाही, त्यामुळे आरईयूमध्ये मूलभूत विज्ञान मिळेल, रुग्ण मिळणार नाहीत. निबंधात "मला डॉक्टर होऊन लोकांची सेवा करायची आहे" लिहून तिथे अर्ज केला तर नकार कशामुळे आला हे वेगळं सांगावं लागत नाही.

टप्पा ४ (नोव्हेंबर ते जानेवारी): यादी तीन पातळ्यांची करा

वरच्या पातळीवर चुरशीचे, स्टायपेंड देणारे ३-४ कार्यक्रम ठेवा. त्यांचे अर्ज साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतात आणि फेब्रुवारीत बंद होतात. मधल्या पातळीवर तुमच्याच विद्यापीठाचा उन्हाळी संशोधन निधी, जवळच्या मेडिकल स्कूलमधल्या लॅब, जिल्हा आरोग्य विभाग. खालच्या पातळीवर अशा जागा, ज्या मिळतीलच: फ्री क्लिनिक, सरकारी मदतीवर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं, नर्सिंग होम (म्हणजे वृद्धांची शुश्रूषा करणारी निवासी केंद्रं), हॉस्पिस (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्था).

हॉस्पिसचा विचार फार कमी मराठी घरांत होतो. मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) नियमानुसार हॉस्पिस संस्थांना रुग्णसेवेच्या एकूण तासांच्या किमान ५ टक्के तास स्वयंसेवकांकडून भरून घ्यावे लागतात. त्यामुळे त्यांना माणसं सतत हवी असतात आणि त्या प्रशिक्षणही देतात. मरणाच्या जवळ असलेल्या माणसापाशी तासभर बसणं सगळ्यांना जमत नाही. आपल्याला जमतं का, हे मेड स्कूलच्या आधीच कळलेलं बरं.

फक्त वरच्या पातळीवर विसंबू नका. २०२५ च्या उन्हाळ्यात एनआयएचची समर इंटर्नशिप रद्दच झाली. खालच्या दोन पातळ्या तयार ठेवलेल्या मुलांचा उन्हाळा तरीही सत्कारणी लागू शकत होता.

स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टर तपासत असताना नोंदी लिहून घेण्याचं, काम उत्तम, पण ते फक्त उन्हाळ्यापुरतं मिळणं अवघड. प्रशिक्षणातच काही आठवडे जातात, म्हणून कंपन्या लांब मुदतीची कबुली मागतात. तीन महिन्यांसाठीच येणार हे लपवून काम घेऊ नका.

सावधान: काही हजार डॉलर घेऊन "हॉस्पिटल इमर्शन" विकणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. अशा पैशांनी कुणाचा अर्ज उजळत नाही. उलट "हे तुम्हीच का निवडलं?" या प्रश्नाला धड उत्तर उरत नाही.

टप्पा ५: ई-मेल आणि शिफारसपत्रं

मधल्या पातळीवरच्या जागा ई-मेलनेच मिळतात. डिसेंबर-जानेवारीत लिहायला घ्या. ई-मेल मोबाइलवर एका नजरेत वाचून होईल एवढाच ठेवा. पहिल्या वाक्यात नाव, कॉलेज, वर्ष. मग त्या प्राध्यापकांच्या एखाद्या शोधनिबंधातली एक नेमकी गोष्ट आणि त्यावर तुम्हाला पडलेला खराखुरा प्रश्न. मग "२ जून ते ८ ऑगस्ट, आठवड्याला ४० तास" अशी स्पष्ट उपलब्धता. सोबत एक पानी रेझ्युमे आणि ट्रान्स्क्रिप्ट. "तुमच्या थोर कार्याने मी भारावून गेलो" हे वाक्य काढून टाका. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, मग पुढच्या नावाकडे वळा.

आई-बाबांनी पाठवलेला ई-मेल ओळखू येतो, आणि तो आला की मुलाचं नाव बहुधा तिथेच बाजूला पडतं. ओळखीतल्या डॉक्टरांचा उपयोग शॅडोइंगसाठी करा, त्यातही फोन मुलांनीच करायचा. नात्यातल्या किंवा घरोब्यातल्या डॉक्टरांकडून शिफारसपत्र घेऊ नका.

प्राध्यापकांकडे पत्र मागताना किमान चार आठवडे द्या. नाताळच्या सुट्टीत ते उत्तर देत नाहीत, म्हणजे फेब्रुवारीच्या मुदतीसाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच विचारावं लागतं.

टप्पा ६ (मार्च-एप्रिल): होकार देण्याआधीचे प्रश्न

समजा, दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक जगप्रसिद्ध हॉस्पिटल: ऑपरेशन थिएटरमध्ये भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दुपारी व्याख्यान, शेवटी पोस्टर. दुसरं, गावाबाहेरच्या शॉपिंग सेंटरमधलं सामुदायिक क्लिनिक: सकाळी रुग्णांना आत नेऊन वजन आणि रक्तदाब घ्यायचा, दुपारी यादी घेऊन मधुमेहाच्या रुग्णांना फोन करायचे, कुणाची इन्सुलिनची बाटली संपली, कुणाकडे क्लिनिकपर्यंत यायला गाडी नाही ते लिहून नर्सला द्यायचं. पहिला रकाना रिकामा असेल तर दुसऱ्या ठिकाणी जा. मुलाखतीत "एखाद्या रुग्णाबद्दल सांगा" असं विचारलं जातं तेव्हा भिंतीला टेकून पाहिलेल्या सर्जरीबद्दल दोनच वाक्यं बोलता येतात.

होकार देण्यापूर्वी हे विचाराच:

१. माझा एक नेहमीचा मंगळवार कसा जाईल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत? उत्तर गोलमोल आलं तर काम ठरलेलं नाही असं समजा.

२. माझ्यावर रोज देखरेख कोण करणार? मोठ्या प्राध्यापकांच्या लॅबमध्ये ते बहुधा कुणी पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारे) असतात. त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायला मागा. जुलैत ते महिनाभर रजेवर असतील तर तेही आत्ताच कळेल.

३. माणसांवरचं संशोधन असेल तर आयआरबीची (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, आणि त्यात माझं नाव घालायला किती दिवस लागतील? हा प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही. मंजुरी नसेल तर ती यायला आठवडे जातात. नाव नसेल तर रुग्णांची माहिती उघडता येत नाही. एपिकसारख्या रेकॉर्ड प्रणालीचा पासवर्ड मिळायलाही वेळ लागतो. दहापैकी पाच आठवडे लेख वाचण्यात गेल्याच्या तक्रारी इथूनच येतात. माणसांवरच्या संशोधनाचं सिटी नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण मेमध्येच उरकून टाका.

४. गेल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का?

५. राहायची सोय आणि पैसे? स्टायपेंड मोठं दिसतं, पण बॉस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत तीन महिन्यांच्या भाड्यातच ते संपू शकतं. शिवाय कर कापून घेतला नाही म्हणजे तो लागू नाही असं नसतं. थोडे पैसे बाजूला ठेवा.

*तपासा:* पाचही उत्तरं लेखी, म्हणजे ई-मेलवर, आलेली असावीत. एका ठिकाणी होकार दिल्यावर दुसरं चांगलं मिळालं म्हणून पहिलं सोडणं टाळा.

भारतात जाऊन करायचं असेल तर

"पुण्याला मामाचं हॉस्पिटल आहे, तिथे टाके घालायलासुद्धा देतील." नेमकं हेच करायचं नाही. परदेशात जाऊन रुग्णांवर हात चालवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एएएमसीची, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलांच्या संघटनेची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सार असं की, जे काम अमेरिकेत तुम्हाला करू देणार नाहीत ते दुसऱ्या देशातल्या गरीब रुग्णावरही करायचं नाही. प्रसूती केली, टाके घातले, इंजेक्शनं दिली असं अर्जात अभिमानाने लिहिलं तर वाचणाऱ्याला तुमच्या विवेकबुद्धीची शंका येते.

पाहायला मात्र भरपूर आहे. ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी, एका डॉक्टरसमोरची रांग, आशा सेविकेची घरोघरची फेरी. रीतसर परवानगी घ्या, हात मागे बांधून बघा आणि अर्जात शॅडोइंग म्हणूनच लिहा. हे तास वरचे धरा. अमेरिकेतल्या रुग्णसेवेच्या तासांची जागा ते घेत नाहीत.

टप्पा ७ (एप्रिल-मे): लसी आणि कागदपत्रं

भारतात जन्मलेल्या किंवा लहानपण तिकडे गेलेल्या मुलांचं घोडं इथेच अडतं. होकार मिळाल्याच्या आठवड्यातच हे काम हातात घ्या.

टीबी: लहानपणी बीसीजी टोचलेली असेल तर हातावरची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरची चिठ्ठी आणि दोन आठवडे गेले. सुरुवातीलाच रक्ताची चाचणी, म्हणजे क्वांटिफेरॉनसारखी, मागून घ्या.

गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर): पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस अमेरिकेत मोजत नाहीत. भारतात नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस त्यामुळे हिशेबात येत नाही. सरकारी केंद्रात दिलेल्या एमआर लसीत गालगुंडाचा भाग नसतो, म्हणून कार्डावर टिक आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

कांजिण्या: "येऊन गेल्या, आजीला आठवतंय" हा पुरावा चालत नाही. रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्या.

हिपॅटायटिस बी: तीन डोसांचा नेहमीचा क्रम सहा महिन्यांचा असतो, म्हणून राहिला असेल तर मेमध्ये कळून उपयोग नाही. प्रतिपिंडांची ही चाचणी डिसेंबरच्या सुट्टीतच करा.

सावधान, इथे क्रम महत्त्वाचा: टीबीची चाचणी आधी, किंवा एमएमआरच्या दिवशीच. एमएमआर घेऊन झाल्यावर टीबीची चाचणी करायची तर चार आठवडे थांबावं लागतं, आणि जूनच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं असेल तर ते चार आठवडे तुमच्याकडे नसतात.

पार्श्वभूमी तपासणी, हिपा कायद्याचं (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचं) प्रशिक्षण, ओळखपत्र ही कामं किरकोळ. आलेल्या ई-मेलला त्याच दिवशी उत्तर दिलं की होतात.

टप्पा ८: काम सुरू झाल्यावर

रोज संध्याकाळी पाच ओळी लिहा: काय केलं, कोण भेटलं, कशाने अस्वस्थ झालात. रुग्णाचं नाव, तारीख, गाव लिहायचं नाही. छोट्या गावातला दुर्मीळ आजारही नावाशिवाय ओळखू येतो, तेव्हा तपशील सैल ठेवा. हॉस्पिटलमधला फोटो स्टोरीवर टाकणं म्हणजे इंटर्नशिप संपवण्याचा सर्वांत जलद मार्ग. फोटोत रुग्ण नसला तरी मागच्या पडद्यावर त्याचं नाव असू शकतं.

एखादे मराठी किंवा हिंदी बोलणारे आजोबा आले की सगळे तुमच्याकडे बघतील. पाणी हवंय का, मुलगा कुठे बसलाय, हे जरूर विचारा. औषधाचा डोस, निदान, संमतीपत्र यांचं भाषांतर करू नका. त्यासाठी पात्र दुभाषी बोलावणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, आणि "रक्त पातळ करायची गोळी" समजावताना झालेली गफलत फार महागात पडते.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी देखरेख करणाऱ्यांना विचारा, "मी काय वेगळं करायला हवं?" शेवटच्या आठवड्यात विचारलं तर उत्तर मिळतं, पण सुधारायला दिवस उरत नाहीत.

निघण्याच्या दहा दिवस आधी शिफारसपत्राचं बोला. "माझ्याबद्दल ठाम पत्र लिहिता येईल का?" असं विचारा. समोरचा अडखळला तर आभार मानून विषय सोडून द्या. हो म्हणाले तर एका पानावर तुम्ही केलेली तीन-चार कामं लिहून द्या. अर्ज दोन वर्षांनी करणार असाल तरी पत्र आत्ताच लिहून जपून ठेवायला सांगा. कॉलेजची प्रीहेल्थ कचेरी ते ठेवून घेते का, तेही विचारा. एएमसीएएसमध्ये प्रत्येक उपक्रमासाठी संपर्काची व्यक्ती लागते, म्हणून त्यांचा हॉस्पिटलचा ई-मेल आणि त्या विभागाच्या ऑफिसचा फोन दोन्ही लिहून घ्या. पोस्टडॉक दोन वर्षांत दुसऱ्या शहरात गेलेले असतात, ऑफिसचा नंबर बहुधा तोच राहतो.